बिल नसलेल्या पऱ्हाट्या

"मॅडम, तुमच्या रिपोर्टमुळे माझी ऑर्डर थांबली." आबा फोनवर एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आबांची धरणगावजवळ सरकीच्या तेलाची मिल. मी जळगावची एनर्जी ऑडिटर. कारखान्यात काय जळतं, किती जळतं, हे तपासते. हल्ली त्यात कार्बनचा हिशोब आलाय. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना दरवर्षी आपल्या उत्सर्जनाची माहिती द्यावी लागते. मग त्या माल पुरवणाऱ्यांकडेही ती मागतात. आबांचं बहुतेक तेल अशाच एका कंपनीला जायचं.

फेब्रुवारीत मी मिलवर गेले. बॉयलरवर नाना होते, वीस वर्षांपासून. इंधन म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या, वेचणी संपल्यावर उपटलेली झाडं. शेतकरी ट्रॉली भरून आणणार, बदल्यात गुरांना सरकीची ढेप नेणार. बिल नाही, वजन नाही. साऱ्या पंचक्रोशीची हीच रीत.

नानांनी वही पुढे केली. "ताई, हाई दखा. कोनी ट्रॉली, कोनतं गाव, बठ्ठं लिखेल शे."

"नाना, यात वजन कुठंय?"

"मंग दहा ट्रॉल्या काटावर तोली लिऊत ना. आते आठेच उभ्या शेतस."

ट्रॉल्या खरंच समोर आवारात उभ्या होत्या, नाना बरोबर सांगत होते. दहा ट्रॉल्यांची सरासरी नियमात चालते. पण मला धुळ्याच्या मीटिंगची घाई होती. शिवाय मी स्वतःला शहाणी समजत होते. झाडापाल्याच्या इंधनाचा कार्बन एकूण आकड्यात धरत नाहीत, तो वेगळ्या रकान्यात दाखवायचा असतो. बेरीज बदलणार नाही, मग कशाला घोळ? रकाना मी कोरा सोडला. वीज आणि जनरेटरचं डिझेल, एवढंच भरलं. "आबा, तुमचा आकडा एकदम कमी येणार," असंही सांगून आले. आबा खूश झाले.

मे महिन्यात कंपनीच्या तपासनिसाचा फोन आला. "एवढं तेल काढायला वाफ लागते. ती कशावर केली?"

"पऱ्हाट्यांवर."

"वजनाचा पुरावा?"

मी धावतपळत मिलवर गेले. हंगाम संपलेला. आवार झाडून स्वच्छ. पऱ्हाट्यांची राख कधीच उचलली गेली होती.

"आते काय तोलशात, ताई?" नाना म्हणाले. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

वहीचे फोटो पाठवले. उत्तर आलं: ट्रॉल्यांची संख्या म्हणजे वजन नव्हे. इंधन लपवल्याचा संशय आबांवर आला आणि ऑर्डर थांबली. ज्या माणसानं काहीच लपवलं नव्हतं, त्याला मी लबाड ठरवलं होतं. आजही आठवलं की शरम वाटते.

पुढच्या हंगामात गेले तर आवारात दगडी कोळसा.

"आबा, हे काय?"

"कोळशाचं बिल मिळतं, काट्याची पावती मिळते. तुमच्या फॉर्मला तेच लागतं ना?"

"मी स्वतः ट्रॉल्या तोलून देते. फी नको."

"नको मॅडम. दुधानं तोंड पोळलंय."

फॉर्म मीच भरला. बिलं, वजन, सगळं जुळलं. आठवड्यात मंजुरी आली आणि ऑर्डर पुन्हा सुरू झाली. कोळशाचा कार्बन बेरजेत धरतात, त्यामुळे आकडा कितीतरी पटींनी वाढला होता, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

शेतकरी आता पऱ्हाट्या बांधावरच पेटवतात. तो धूर कुणाच्याच फॉर्ममध्ये येत नाही. नव्या ऑडिटर्सना मी एकच सांगते: जे जळणार आहे, ते आधी तोला. राख झाल्यावर काटा काही कामाचा नाही.