सेफरचा बंब

सेफर आणि लेबिब पाशा एकाच दुधावर वाढले. सेफरची आई हाजेर ही पाशांची दूधआई. पुढे पाशा सुलतानाच्या मंत्रिमंडळात गेले आणि सेफर उस्कुदारच्या धक्क्यावर होडी चालवू लागला. पण दूधभाऊ तो दूधभाऊच. दर शुक्रवारी तो पाशांच्या दिवाणखान्यात येऊन कॉफी पिई आणि परकं कोणी नसलं की मंत्र्यांना सरळ अरेतुरे करी. मी पाशांचा कारकून. मला ते परकं धरत नसत.

होडीवर त्याचं पोट होतं, जीव मात्र मोहल्ल्याच्या बंबात. आग लागली की चौघांनी हातपंप बसवलेली बंबाची पेटी खांद्यावर घ्यायची आणि चढ असो, उतार असो, अनवाणी पळत सुटायचं. जे पथक आधी पोहोचेल, आग विझवायचा मान त्याचा. मागून येणाऱ्यांनी नुसतं बघत राहायचं आणि वर्षभर टोमणे ऐकायचे. तीस वर्षं सेफर आमच्या पथकाचा म्होरक्या होता.

पाशांचा मुलगा नेजात चोवीस वर्षांचा, कायदा शिकलेला. पण त्याचं सारं लक्ष या बंबाकडे. एका शुक्रवारी पाशांनी बजावलं, "सेफर, नेजातच्या खांद्यावर पेटी दिसली, तर तू माझा उंबरा ओलांडायचा नाहीस."

"शब्द झाला?"

"झाला."

सव्वीस वर्षांत पाशांनी दिलेला शब्द मागे घेतलेला मी पाहिला नव्हता.

त्याच वसंतात, दुपारच्या नमाजानंतर, पहारेकरी ओरडत धक्क्यावर आला. वरच्या आळीत मुनिरेबाई विणकरणीच्या घराला आग लागली होती. पेटी उचलली गेली आणि माझं वय विसरून मीही मागे धावलो. खालच्या घाटाचं पथकही सुटलं होतं. अर्ध्या चढावर आमचा सालिह पाय मुरगळून खाली बसला. पेटी कलली. मागून आवाज आला, "काय सेफर आजोबा, दमलात? ठेवा खाली, आम्ही विझवतो."

कडेने पळणाऱ्या नेजातने तोवर बूट भिरकावले होते. "सेफरकाका, मला घ्या."

"तुझा बाप मला घराबाहेर काढेल."

"आणि मुनिरेबाईचं घर?"

सेफरने वरच्या धुराकडे पाहिलं. "डावा खांदा लाव. पाय जुळवून घे. दम लागला म्हणालास तर लाथ घालीन."

पेटी पुन्हा उडाली. घाटवाल्यांची धाप आता पाठीशी ऐकू येत होती. मशिदीचं वळण घेतलं आणि समोर, अख्खी गल्ली अडवून, पाशांची बग्गी.

पाशांनी बाहेर डोकावलं. मुलाचे चिखलाने भरलेले पाय पाहिले, खांदा पाहिला, मग सेफरकडे पाहिलं.

"पाशा, बंबाला वाट," सेफर म्हणाला.

"मागे कोण आहे?"

"खालच्या घाटाचे."

पाशा चिखलात उतरले. "घोडे त्या बागेत घाल," ते गाडीवानाला म्हणाले. "कुंपण मोडलं तर मोडू दे. आणि तुम्ही उभे काय राहिलात?"

आम्ही वीस पावलांनी आधी पोहोचलो. छप्पर गेलं, मुनिरेबाई आणि तिचा माग वाचला.

शुक्रवारी सेफर फाटकाबाहेरच्या दगडावर बसला. मी आत बोलावलं, तर म्हणाला, "शब्द झालाय."

मी पाशांना जाऊन सांगितलं.

"उंबरा ओलांडला नाही ना त्याने?"

"नाही."

"मग कॉफी बाहेर पाठवा. दोन कप."

ते स्वतःच बाहेर गेले आणि दगडापाशी उभे राहिले. "सरक जरा."

"मंत्री रस्त्यावर बसतो का?"

"तू आत येऊ शकत नाहीस, मग काय करू? सरक." बसल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "आता पहिल्यापासून सांग. सालिह नेमका कुठे पडला?"