गोठ्यातला फोनचा वर्ग
“मावशी, इथं सगळ्या कंपन्यांच्या भिंतीच हायेत, येऊ कुठं?” अँब्युलन्सचा ड्रायव्हर फोनवर विचारत होता आणि आमच्या खोलीतली भाडेकरू पोरगी बाळंतवेणांनी फरशीवर पडली होती. रक्त थांबत नव्हतं. तिचा नवरा कामावर, त्याचा फोन कंपनीच्या गेटवर जमा आणि घरात मी एकटी, चौथी शिकलेली. ड्रायव्हर म्हणाला, “मेसेज टाकलाय, त्याच्यावर लोकेशन पाठवा.” तेवढं मला येत होतं, गावातल्या वर्गामुळे. माझ्या सासऱ्यांनी गावच्या शाळेला जागा दिली होती. त्यांच्या मागे माझ्या मुलाने गोठा रिकामा करून बायकांच्या फोनच्या वर्गाला दिला, गावाने वर्गणीतून फोन घेतले आणि शिकवायला माझी नात उभी राहिली. म्हशी विकल्या म्हणून मी धुसफुसत होते. नात म्हणाली, “आजी, रुसायचंच तर वर्गात बसून रूस.” शेणाचा वास अजून गेला नव्हता, त्या वासातच मी लोकेशन पाठवायला शिकले. त्या दिवशी फोन हातात घेतला, तर पोरगी माझा हात सोडेना. मी म्हणाले, “सोड, मला दोन्ही हात लागत्यात.” गाडी थेट दारात आली. आता वर्गासाठी वर्गणी मागायला मीच फिरते. म्हाताऱ्या बायकांना फोन कशाला, असं कुणी विचारलं की सांगते, बाळ गेलं, आई वाचली.