शेपटीचं गणित आणि माझा जळफळाट

गेल्या शुक्रवारी कोलशेतच्या ऑफिसात मी सगळ्यांसमोर फळ्यावर हरले. हरले ते एक वेळ ठीक, पण केतकीकडून हरले... ते अजून घशाखाली उतरत नाहीये.

आधी कामाचं सांगते. विमान एका ठरावीक वेगापुढे गेलं की त्याचे पंख किंवा शेपटी वाऱ्याच्या जोरावर आपोआप फडफडायला लागते, आणि ती फडफड थांबायच्या ऐवजी वाढतच जाते... पार मोडेपर्यंत. याला फ्लटर म्हणतात. तो वेग कुठला, हे आम्ही नुसत्या गणिताने शोधतो. खरं विमान आमच्याकडे फिरकत नाही. टेबलावर एक प्लास्टिकचं आहे, त्याचंही चाक तुटलंय.

आता केतकी. ही वर्षभरापूर्वी आली. राहते टिटवाळ्याला, तरी मी डोंबिवलीहून पोचेपर्यंत बाईसाहेब हजर, टेबल पुसलेलं, केसात फूल. सर मला 'मॅडम' म्हणतात आणि तिला 'केतकी बेटा'. डब्यातल्या तिच्या अळूवड्यांवर सगळे तुटून पडतात आणि माझे पोहे उरतात. लिहायला लाज वाटते, पण मला त्या अळूवड्यांचासुद्धा राग यायचा.

आमच्या सरांची एक पद्धत आहे. आकडा पडताळायला विमान नाही, म्हणून एकच गणित दोघांनी वेगवेगळं करायचं आणि तोवर त्याबद्दल एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही. ठरलेल्या दिवशी सर फळ्याच्या मधोमध उभे राहतात आणि दोघांनी दोन टोकांना एकदमच आकडा लिहायचा. जुळले नाहीत तर ज्याचा वेग कमी, त्याचं आधी ऐकायचं... कारण धोका तिथे आधी येतो.

या वेळी गणित शेपटीचं होतं. आणि ज्याचा आकडा टिकेल त्याने बंगळुरूच्या कॉन्फरन्सला जाऊन तो मांडायचा होता. इतकी वर्षं दरवेळी सरच जायचे. यंदा पहिल्यांदाच म्हणाले, तुमच्यापैकी एकीने जा. मला जायचं होतं हो... खूप जायचं होतं.

आदल्या संध्याकाळी केतकीचा मेसेज आला. 'ताई, शेपटीच्या दोन्ही बाजू बघितल्यास ना गं?' माझं डोकंच फिरलं. ही मला शिकवणार? की माझ्याकडून काही काढून घ्यायला बघतेय?

नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, "अगं, साधं विचारतेय ती." मी त्याच्यावरच चिडले. केतकीला ब्लू टिक दिसू दिली आणि उत्तर काही दिलं नाही.

शुक्रवारी आम्ही आकडे लिहिले. माझा मोठा, तिचा बराच खाली. मला मनातून आनंदच झाला... म्हटलं, चुकली बया!

सर म्हणाले, "केतकी, समजाव." तिने फळ्यावर शेपटी काढली. मी शेपटीच्या दोन्ही बाजू एकदम वर, एकदम खाली, अशाच हलवल्या होत्या. तिने दुसरा प्रकारही केला होता. एक बाजू वर जाताना दुसरी खाली जाते आणि मधलं धड पिळलं जातं. शेपटी आधी तिथेच मोडत होती.

हे अगदी पहिल्या धड्यातलं आहे. नव्या पोरांना मीच शिकवते! पण तिच्या आधी संपवायच्या नादात मी ते सोडून दिलं होतं.

आणि मग मला तो मेसेज आठवला. दोन्ही बाजू बघितल्यास ना... नियम मोडून, सरांची बोलणी खायची तयारी ठेवून ती मला सांगत होती.

जेवताना विचारलं, "का केलंस गं असं?" तर म्हणाली, "ताई, मी एकटीच त्या आकड्यावर आलेली. मला जाम टेन्शन. चुकले असेन तर मला सांगणार कोण? तूच ना? आपले जुळायला पाहिजे होते गं."

मी तिच्या डब्यातली एक अळूवडी उचलली. चांगली होती. पहिल्यांदाच खाल्ली.

ती बंगळुरूला निघायच्या आधी मी सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून केलं, तिचा प्रकार धरून. आकडा जुळला. फोन करून सांगितलं तेव्हा तिने सोडलेला सुस्कारा मला इकडे डोंबिवलीत ऐकू आला.

आज ती बंगळुरूला आहे. स्टेजवरचा फोटो आलाय, साडी नवी दिसतेय. मागे स्लाइडवर तिचं नाव आणि त्याखाली माझं. जळफळाट गेला का? छे, अजिबात नाही. झूम करून पाहिला तर पदराची पिन दिसत होती, तेवढंच समाधान. मग हार्ट टाकलं... आणि मनापासून थँक यूसुद्धा.

पण एका गोष्टीचं राहून राहून हसू येतंय. एक बाजू वर गेली की दुसरी खाली जाते... वर्षभर मी दुसरं काही जगतच नव्हते, आणि नेमकं तेच मांडायला विसरले.