काचेवरच्या अक्षता

ताईच्या हळदीच्या दिवशी आमच्या अंगणात ऊन पडायला एकच जागा उरली होती. सगळं अंगण मांडवाखाली गेलं होतं. तुळशीवर मात्र मांडव घालू नका असं आईनं बजावलं होतं, म्हणून मांडववाल्यानं तेवढा चौकोन उघडा ठेवला होता. त्यातून तुळशीच्या कट्ट्यावर सकाळपासून छान ऊन येत होतं. मी माझी काच तिथे नेऊन ठेवली.

काचेखाली ताईसाठीची भेट होती. हळदीवर फोटो उमटवता येतो, हे मी मोबाइलवर बघून शिकले होते. हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळायची, कागदाला लावायची आणि अंधारात वाळवायची. त्यावर पारदर्शक प्लास्टिकवर काढून आणलेली फोटोची प्रत ठेवायची, वर काच दाबायची आणि सगळं उन्हात ठेवायचं. ऊन लागेल तिथली हळद उडते, सावलीत असेल तिथली राहते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय शिकायचं? हळदीचे डाग उन्हातच घालवतात." पण ताईसाठी दळून आणलेल्या हळदीतलीच एक मूठ तिनं मला काढून दिली.

फोटो बाबांनी काढलेला, आम्ही लहान असतानाचा. ताई मिठागराच्या बांधावर डोळे बारीक करून उभी आहे, मागे मिठाच्या राशी आहेत. त्यात मीही आहे, पण दिसत नाही. ताईचा फ्रॉक धरलेली माझी मूठ तेवढी दिसते. ते मिठागर आता नाही. तिथे कंटेनरचं यार्ड झालंय आणि बाबांचा ट्रेलर तिथेच कुठेतरी उभा असतो.

ती मूठ पुढेही बरीच वर्षं सुटली नाही. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललेलं चालायचं नाही, आणि गावात इंग्रजी शब्द तोंडातून गेला तर "मॅडम आली गो" म्हणून हसायचे. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. ताई दोन्हीकडे माझ्या वाटचं बोलायची. तिला तिखट कमी वाढा. तिला गाणं येतं, पण ती म्हणणार नाही. तिला घरी जायचंय.

आता ताईच दुसऱ्या दिवशी जाणार होती, आगरदांड्याच्या बाजूला, सासरी. जायच्या आधी मला तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते बोलून जमणार नव्हतं. म्हणून हा फोटो. लग्नाला फोटोग्राफर होते, ड्रोनही येणार होता. पण मला तिच्याच हळदीतला एक फोटो तिच्या हातात द्यायचा होता. आधीचे प्रयत्न ढगांनी आणि माझ्या घाईनं वाया गेले होते. हा शेवटचा कागद होता. काच जरा हलली असती तरी ताईला दोन नाकं आली असती.

कडेनं नक्षी उठावी म्हणून मी खाडीवरून तिवराची पानं आणून काचेखाली गोल मांडली होती. आता विचार केला तर कळतं. तुळस, हळद, पानं, आणि वर काच. दुसरं काय वाटणार?

धवलारीण आली. आमच्या लग्नांत धवले गात सगळे विधी पार पाडते ती म्हातारी. घरातल्या देवांचं झाल्यावर ती गात गात तुळशीपाशी आली, मागे बायका. काच दिसली आणि गाणं थांबलं.

"यो कनचा देव गो?" काकीनं विचारलं.

"तुमचे घरची रीत, आन मना इचारतंस?" धवलारीण म्हणाली. "पान हाय, हलद हाय. पाया परा."

"मी इतकी वर्षं या घरात हाय, ही रीत कधी बगली न्हाय."

"तू कामाला उठतंस कदी, तं रीत बगशील?"

बायका खिदळल्या. धवलारणीनं काचेवर कुंकू वाहिलं, चिमूटभर अक्षता टाकल्या. मग ओळच लागली. प्रत्येकीची चिमूट काचेवर पडत होती. मी मांडवाच्या खांबाआड उभी होते. गळ्यात शब्द होते, पण ते कुठल्या भाषेत काढावेत तेच सुचेना. सवयीनं ताईकडे बघितलं. ती ओसरीत बसून हातावरच्या मेंदीला फुंकर घालत होती. आई आत कामात होती, आणि ताईला तर मी यातलं काहीच कळू दिलं नव्हतं.

तेवढ्यात काकीनं नारळ उचलला. "यावरच फोरू ना?"

"नको!"

इतक्या जोरात की मांडवावरच्या चिमण्या उडाल्या. "देव नाहीये तो! फोटो आहे! ताईचा!"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मग धवलारीण म्हणाली, "या पोरीला आवाज हाय?" आणि जो हशा पिकला, त्यात मीही कधी सामील झाले ते कळलं नाही. मी पुढे जाऊन अक्षता उचलायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे बाय. नवरीचाच फोटू हाय ना? नवरीवर परलेली अक्षता कोनी उचलत न्हाय."

फोटो गेलाच असं मी धरून चालले. तरी ऊन शेजारच्या इमारतीआड जाईपर्यंत काचेला हात लावला नाही. मग कागद आत नेला आणि परातीत धुण्याचा सोडा विरघळवून त्यात बुडवला. पिवळा रंग झरझर विटकरी झाला. आधी बांध दिसला, मग फ्रॉक, मग बारीक केलेले डोळे. नाक एकच होतं. आणि ताईच्या केसांवर, कपाळावर, मिठाच्या राशींवर, सगळीकडे तांदळाएवढे लाल ठिपके. जिथे जिथे दाणा पडला होता, तिथली हळद त्यानं राखली होती. लग्न उद्या होतं आणि ताईवर अक्षता पडूनही गेल्या होत्या.

संध्याकाळी, हळद लागायच्या आधी, मी तो ताईला दिला. "उजेडात ठेवू नकोस, उडून जाईल," एवढंच म्हणाले. मेंदीचा हात लागू नये म्हणून तिनं मलाच तो धरायला लावला.

"साड्यांच्या घडीत ठेवीन," ती म्हणाली. मग खाली वाकून अगदी जवळून बघितलं. फ्रॉक धरलेल्या त्या छोट्या मुठीवरही ठिपके होते. ती ओरडली, "आई, हिच्यावर पण पडल्यात गो अक्षता! पुढचा नंबर हिचाच!"

"नको!" मी म्हणाले, आणि हे सकाळच्यापेक्षाही मोठ्यानं.