वाटीच्या कडेवरचं बोट

माझी लेक मुग्धा हिच्या प्रयोगशाळेत मी काल पहिल्यांदाच गेलो. तिथे छताला टांगलेल्या पिंपासारख्या एका फ्रीजमध्ये तिची नखाएवढी धातूची चकती असते. तिथल्या थंडीत त्या धातूतून वीज विनाअडथळा वाहते. मायक्रोवेव्हचा हलकासा टोला दिला की चकती कितीतरी वेळ घुमत राहते म्हणे.

"ते घुमणं तुला कळतं कसं?" मी विचारलं.

तिनं डब्यातली स्टीलची वाटी बोटांच्या टोकांवर तोलली आणि चमच्यानं वाजवली. नाद लांबत गेला. मी उतावळेपणानं कडेला बोट लावलं, तसा तो तिथेच संपला.

"हेच होतं, बाबा," ती हसली. "ऐकणारी तार फार जवळ नेली, तर चकतीचं घुमणं लगेच विरतं. फार लांब ठेवली, तर काहीच कळत नाही. ते अंतर साधण्यातच माझे महिने जातात."

तिचं ठरलेलं लग्न मोडल्यापासून मी तिला रोज फोन करतो. जेवलीस का, झोप लागली का, रडलीस का? काळजी म्हणजे जवळ जाणं, एवढंच मला ठाऊक. ती "हो, हो, नाही" म्हणते आणि फोन ठेवते.

निघताना फाटकापाशी तेच प्रश्न ओठांवर आले. मी ते गिळले आणि तिच्या शेजारी नुसता उभा राहिलो. समोरच्या शिरीषाच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या.

बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "बाबा, अंगठी अजून माझ्याकडेच आहे."