चढावरची टकटक

इथले अनुभव मी वाचते ते चहाबरोबर करमणूक म्हणून, हे आधीच कबूल करते. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... वाचायचं, हसायचं आणि कप विसळायला टाकायचा. मी खराडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमच्या धंद्यात साधा नियम आहे – जी गडबड पुन्हा करून दाखवता येत नाही, ती झालीच नाही असं धरायचं. त्या नियमाने बघितलं तर मी खाली लिहिलेलं काहीच घडलेलं नाही. तरी लिहितेय, कारण घरात हा विषय आता काढता येत नाही.

आधी बाबांविषयी. माझे बाबा विश्रांतवाडीत मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. एक पांढरी गाडी, मागे-पुढे लाल एल, आणि डावीकडे बाबांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा क्लच आणि ब्रेक. आमच्या भागातले निम्मे लोक त्या गाडीत शिकले असतील. मीही तिथेच शिकले. बाकीच्या स्कूलचे मास्तर शिकणाऱ्यावर खेकसतात, बाबा मात्र गाडीत बसले की तोंडच उघडायचे नाहीत. उजव्या हाताच्या बोटात त्यांची पोवळ्याची जाड अंगठी असायची. ती डॅशबोर्डवर दोनदा वाजवायचे. टक-टक. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचल. का, कशासाठी, ते नंतर विचारायचं. "बोललं की शिकणाऱ्याचं लक्ष बोलण्याकडे जातं, रस्त्याकडे राहत नाही," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. अजूनही चौकात कोणीतरी भेटतं आणि 'काकांची टकटक' आठवते म्हणून सांगतं. चार वर्षांपूर्वी बाबा हार्ट अटॅकने गेले.

आता मूळ गोष्ट. आमच्या ऑफिसात गाड्यांचं वेड असलेल्यांचा एक ग्रुप आहे. दरवर्षी ही मंडळी दक्षिणेतल्या एका रेसिंग सर्किटवर जातात, तिथल्याच गाड्या भाड्याने घेतात आणि दिवसभर हौस भागवतात. सर्किटचं नाव मुद्दाम देत नाही. गेल्या वर्षी महिनाभर आधी एकाचं रद्द झालं, तेव्हा मी म्हटलं, मी येते. "तुला झेपेल का गं?" एकाने अगदी काळजीने विचारलं. "तुला रिव्हर्स पार्किंग झेपतं का ते आधी सांग," मी म्हणाले आणि नाव दिलं.

नाव दिलं खरं, पण ते सर्किट सोपं नाही. त्यातही एक जागा सगळ्यांना नडते. एक लांब चढ आहे. तो जिथे संपतो तिथे पुढचं काहीच दिसत नाही, काचेत नुसतं आभाळ. पलीकडे रस्ता सरळच आहे, पण ते माहीत असून चालत नाही, पायाला पटावं लागतं. आणि घाबरून माथ्यावर पाय उचललात तर गाडीची मागची बाजू हलकी होऊन ती गरकन फिरू शकते. म्हणजे उचलणंच धोक्याचं.

तिथल्याच एका कोचने नवशिक्यांसाठी केलेला व्हिडिओ ग्रुपवर आला होता. गाडीत कॅमेरा लावून एक पूर्ण फेरी, आणि दाक्षिणात्य इंग्रजीत प्रत्येक वळणाची समजूत. ब्रेक कुठे, वळायचं कुठे, पाय कधी दाबायचा. तो पाठ करूनच यायचं, अशी ताकीद होती. मी रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी जेवणाच्या टेबलाशी बसायचे. समोर लॅपटॉप, हातात स्टीलचं ताट हे स्टिअरिंग, आणि खाली फरशी म्हणजे पेडल. "आमटी सांडेल, बेताने घे," असं माझा नवरा मंदार रोज न चुकता म्हणायचा.

वळणं लक्षात राहावीत म्हणून मी त्यांना आपल्याकडची नावं दिली. सुरुवातीचं लांबलचक वळण म्हणजे संगमवाडी. मग पाठोपाठ दोन छोटी, ती खडकी स्टेशन. आणि तो आंधळा चढ म्हणजे दिघीचा चढ – विश्रांतवाडीतून आळंदी रोडने निघालं की लागतो तो. हे नाव मी का दिलं, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. व्हिडिओ पहिल्यांदा पाहतानाच तोंडातून निघालं.

साधारण आठवडाभराने एक गोष्ट लक्षात आली. चढाशी पोचलं की कोच म्हणायचा, "फुल थ्रॉटल. पाय हलवायचा नाही. ट्रस्ट मी." आणि नेमका तेव्हाच माझा उजवा पाय फरशीवरून वर यायचा. भीती वाटते म्हणून असेल, असं समजून मी पाय दाबून धरायला लागले. तरी यायचा. शेवटी एका सकाळी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला.

इंजिनाचा आवाज, कोचचं "ट्रस्ट मी"... आणि टक-टक.

हातातलं ताट खाली ठेवलं. मागे घेऊन पुन्हा लावलं. टक-टक. गाडीत काहीतरी सैल असेल, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण सैल पत्रा असं दोनदाच वाजून थांबत नाही, आणि प्रत्येक वेळी त्या चढाआधीच कशाला वाजेल? शिवाय तो आवाज मी वर्षानुवर्षं डाव्या कानाने ऐकला आहे. तो मला कळणार नाही का?

मंदारला बोलावलं. त्याने दोनदा ऐकलं. "कसली टकटक? इंजिन आहे नुसतं." हेडफोन लावले. फोनवर लावून पाहिलं. तो फावल्या वेळात गाणी रेकॉर्ड करतो, त्याने व्हिडिओचा आवाज त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून रेघा दाखवल्या. त्या जागी काहीही नव्हतं. मला ऐकू येतच होतं. मंदार चेष्टा करायचा थांबला आणि म्हणाला, "तुला बाबांची आठवण येतेय. जाऊ नकोस या वेळी." ते मला फार लागलं, कारण ते अगदी शहाणपणाचं होतं.

कानांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. कान उत्तम. मग मी ठरवलं की हा माझ्या मेंदूचा चाळा आहे आणि तो मोडायचा. उरलेल्या दिवसांत रोज तो चढ पुन्हा पुन्हा लावला आणि टक-टक ऐकू आली तरी पाय दाबून ठेवला. जमायला लागलं. पण खोटं नाही सांगत, प्रत्येक वेळी बाबांचा शब्द मोडल्यासारखं वाटायचं आणि दिवसभर जीव कशात लागायचा नाही.

सर्किटवर गेलो. छान ऊन होतं. माझ्या डावीकडे एक कोच बसला, व्हिडिओतला नव्हे, दुसरा. डोक्यावर हेल्मेट, त्यात माइक. इंजिनाचा आवाज एवढा की माइकशिवाय शेजारचा माणूस ओरडला तरी कळू नये. पहिल्या काही फेऱ्या सावकाश झाल्या. चढावर त्याने मला हळूच नेलं, पलीकडचा सरळ रस्ता दाखवला. "बघितलंत ना? काही नाही तिथे. आता पुढच्या फेरीत पूर्ण दाबायचं." मी हो म्हणाले. संगमवाडी छान गेली. खडकी स्टेशन छान गेलं. चढ सुरू झाला. कोच माइकमध्ये म्हणाला, "फुल. फुल. ट्रस्ट मी." मी पाय पूर्ण दाबला आणि मनात म्हटलं, आज नाही उचलायचा.

टक-टक.

हेल्मेटमधून, इंजिनाच्या आवाजातून, डाव्या बाजूने. शेजारी बसून वाजवावं इतकं स्पष्ट. माथा अजून पुढे होता. मी काही ठरवलं नाही. पाय उचलला गेला आणि थेट ब्रेकवर पडला. गाडी वेडीवाकडी हलली, कोच "नो, नो!" म्हणून ओरडला, आणि आम्ही रांगत असल्यासारखे माथ्यावर आलो.

पलीकडे रस्त्याच्या मधोमध एक बाई होती.

डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. सर्किट तिच्या गावाच्या जुन्या वाटेवर बांधलंय आणि कुंपण एका जागी तुटलंय, हे आम्हाला नंतर कळलं. दुपारच्या सुट्टीला गाड्या थांबतात, तेवढ्यात ती रोज ओलांडायची. त्या दिवशी सुट्टी उशिरा होणार होती, तिला कोण सांगणार? आणि धोका दिसला की झेंडा दाखवायला जो माणूस उभा असतो, त्याच्या जागेवरून तो तुकडा दिसतच नाही. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिने आमच्याकडे पाहिलं, भारा एका हाताने सावरला, तिच्या भाषेत आम्हाला सणसणीत काहीतरी ऐकवलं आणि निघून गेली.

मग कोच म्हणाला, "तुम्हाला कशी दिसली?" मी म्हटलं, दिसली नाही. तुम्ही डॅशबोर्ड वाजवलात ना? त्याने नुसते हात दाखवले. जाड ग्लव्हज घातलेले, आणि दोन्ही हातांनी छातीवरचे पट्टे घट्ट धरलेले. गाडीतून उतरल्यावर मी गवतात बसले आणि हमसून हमसून रडले. सगळ्यांना वाटलं धक्क्याने रडतेय. मी आनंदाने रडत होते. बाबा माझ्यासाठी आले होते!

पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ लावला. टकटक नव्हती. पुन्हा लावला, हेडफोन लावून ऐकला. नुसतं इंजिन. त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही. मंदारला म्हटलं, काम झालं, म्हणून थांबली. त्याने लॅपटॉप मिटला.

रविवारी आईकडे गेले. ती विश्रांतवाडीतच राहते. मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं – व्हिडिओ, टकटक, चढ, बाई. मला वाटलं होतं, तिलाही भरून येईल, देवापुढे साखर ठेवेल. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"बाई होती?" तिने विचारलं.

"हो."

"वाचली ना? लागलं नाही ना कुठे?"

"नाही गं. चालत गेली. उलट शिव्या देऊन गेली आम्हाला."

आईने डोळे मिटले. मी म्हटलं, "आई, अगं, बाबांनी मला वाचवलं." तेव्हा ती म्हणाली, "तुला? तू गाडीत होतीस, पट्टे लावून."

मग तिने जे सांगितलं ते मला माझ्या एवढ्या आयुष्यात ठाऊक नव्हतं. माझा जन्म व्हायचा होता. बाबांनी नुकतंच स्कूल काढलं होतं. एक कॉलेजचा मुलगा शिकायला होता, दिघीच्या चढावर गाडी चालवत होता. माथ्यापलीकडे एक बाई रस्ता ओलांडत होती, डोक्यावर भाजीची पाटी. बाबांचा पाय ब्रेकवर पडला, पण उशिरा.

"गेली ती," आई म्हणाली. "केस झाली, सुटले हे. त्या मुलावरही काही येऊ दिलं नाही. पण त्यानंतर गाडीत बोलणं बंद. आधी कसे बोलायचे, माहितीये? अखंड बडबड, विनोद. त्या दिवशीही त्या मुलाला कसलातरी किस्सा सांगत होते. तो यांच्याकडे बघून हसत होता." पदराला हात पुसून म्हणाली, "अंगठी मी नंतर करून दिली. शांत वाटावं म्हणून. तर त्यांनी तिची ही टकटक केली." मग तिने मेथी पुढे ओढली आणि "हे पुन्हा काढू नकोस," एवढं सांगून निवडायला लागली.

त्या सर्किटच्या चढाला मी दिघीचं नाव का दिलं? जी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, ती माझ्या तोंडात कुठून आली? व्हिडिओत आवाज होता की माझ्या डोक्यात, आणि डोक्यात असेल तर त्या बाईचं डोक्याला कसं कळलं? पुष्कळ विचार केला. पुन्हा करून दाखवता येत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर ते ऐकायची आता हिंमत नाही.

एवढंच वाटतं की ते मला भेटायला आले नव्हते. त्या टकटकीत माझं नाव नव्हतंच. ते अजून त्या चढावरच आहेत, आणि मी फक्त त्यांच्या बाजूला बसून गाडी चालवत होते.

आईकडे जाताना दिघीच्या रस्त्याने वळसा घालून जायची सवय लागली आहे. चढाच्या माथ्याआधी मी पाय उचलते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. डावीकडची सीट रिकामी ठेवते. पर्सही मागेच टाकते.