साहेबांचं सरबत

पेडण्यातला तो कारकून दुपारी एकच्या ठोक्याला डबा उघडायचा, समोर खुद्द मामलेदार उभे असले तरी. "सुई घेतलंय, आता थांबाक जमाचा नाय," एवढंच सांगायचा. लहानपणापासून तो इन्सुलिनवर होता. मला पंचविशीत तोच टाइप वन मधुमेह निघाला, तेव्हा सुई टोचायला त्यानंच शिकवलं. मी मास्तर होतो त्या शाळेत मात्र कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

गोवा राज्य झाल्याच्या सोहळ्याला आम्ही शेजारी बसलो होतो. भाषणं आटोपली की जेवण, म्हणून मी सुई टोचूनच आलो होतो. भाषणं काही आटोपेनात. मला घाम फुटला, हात थरथरू लागले. अशा वेळेसाठी ठेवलेल्या गुळासाठी त्यानं आपले खिसे चाचपले.

"गूळ मी दुसऱ्या भाषणाकच खाल्लंय, मास्तर," तो म्हणाला आणि उठून थेट व्यासपीठावर चढला. प्रमुख पाहुणे अस्मितेवर बोलत होते. त्यांच्यासमोरचं कोकम सरबत त्यानं उचललं.

"तुमी बोला, साहेब. आमच्या मास्तरांची साखर खाली गेली."

माइकमुळे ते अख्ख्या मंडपानं ऐकलं. सरबत मी एका दमात प्यालो. डोकं हलकं झालं होतं आणि हसू आवरत नव्हतं. मला काय हवंय ते विचारत आमचे हेडमास्तर धावत आले.

"अरे, तुका जाय तरी काय?"

मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मला मधुमेह आहे, मला आत्ता जेवायला हवं."

त्या दिवशी मनापासून टाळ्या पडल्या त्या याच भाषणाला.